चोवीस खडकांची पेटी: नमुने बोलके, पुस्तिका रंगात अडकलेली

खडक ओळखायला शिकवणाऱ्या तयार पेट्या बऱ्याच आहेत. इथे तपासलेली पेटी चोवीस नमुन्यांची आहे. डावीकडच्या तांबड्या कप्प्यांत बारा अग्निजन्य खडक, उजवीकडच्या निळ्या कप्प्यांत बारा गाळाचे. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, कस (घासल्यावर पडणाऱ्या रेघेचा रंग) पाहायची पांढरी फरशी, लोखंडी खिळा, तांब्याची पट्टी, काचेचा तुकडा, ड्रॉपरची रिकामी बाटली आणि छत्तीस पानांची पुस्तिका. रूपांतरित, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला, खडक यात एकही नाही आणि ते बरंच झालं. शिकणाऱ्याच्या डोळ्यांना आधी या दोन घडणींची सवय व्हायला हवी. नाइस आणि शिस्ट हे रूपांतरित खडक त्यात मिसळले की पट्टे आणि थर यांचा गोंधळ पहिल्याच दिवशी सुरू होतो.

अशी पेटी चांगली की वाईट हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो. नमुना हातात धरल्यावर, तो वितळलेल्या रसातून गोठला की सुटे कण साचून घट्ट झाला, हे बघणाऱ्याला चिठ्ठी न वाचता सांगता येतं का? बहुतेक नमुने या कसोटीला उतरतात. पुस्तिका उतरत नाही, कारण तिने सगळी ओळख रंगाच्या तक्त्यावर बसवली आहे, आणि खडकाच्या बाबतीत रंग हा सर्वांत कच्चा साक्षीदार आहे.

ग्रॅनाइटपासून सुरुवात करा. नमुना १ हा पेटीतला सर्वांत चांगला तुकडा: मुठीत मावेल एवढा, एक बाजू ऊनपावसाने खाल्लेली, दुसरी ताजी फोडलेली. भिंग डोळ्याजवळ टेकवून धरा आणि दगड हळूहळू भिंगाकडे आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर दाणे स्वच्छ दिसू लागतात. (पुस्तिकेतल्या चित्रात भिंग दगडाजवळ आणि डोळा हातभर लांब दाखवलाय. तसं केलं तर इवलासा, धूसर भाग दिसतो आणि भिंगच खराब आहे असं वाटतं.) राखाडी, काचेसारखे, स्वतःचा ठरावीक आकार नसलेले दाणे म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. दगड उजेडात फिरवल्यावर जे दाणे आरशासारखे एकदम चमकतात आणि विझतात ते फेल्डस्पार. ते सपाट पातळ्यांवर फुटतात म्हणून तसे चमकतात. काळे पापुद्रे टाचणीच्या टोकाने सुटतात, ते कृष्णाभ्रक.

आता दाण्यांकडे नको, दाण्यांच्या मधल्या जागेकडे बघा. तिथे काहीच नाही. पोकळी नाही, भरण नाही, एका दाण्याची कड दुसऱ्याच्या खाचेत चपखल बसलेली आहे. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल शिलारस फार सावकाश निवतो, स्फटिक द्रवात वाढत जातात आणि एकमेकांना भिडेपर्यंत थांबत नाहीत. सगळी खनिजं एकदम गोठत नाहीत. भूवैज्ञानिक नॉर्मन बोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत प्रयोगशाळेत हा क्रम दाखवून दिला: ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन ही गडद खनिजं आधी, क्वार्ट्झ अगदी शेवटी. म्हणूनच ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारला नीट कडा असतात आणि क्वार्ट्झ उरलेल्या फटीत मिळेल त्या आकारात बसलेलं दिसतं. हा क्रम पुस्तिकेत एका ओळीतही नाही.

ग्रॅनाइट खाली ठेवू नका. दुसऱ्या हातात नमुना १६, अर्कोज, घ्या. ही जोडी या पेटीतली खरी कमाई आहे. अर्कोज म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त फेल्डस्पार असलेला वालुकाश्म, बहुधा ग्रॅनाइटचाच भुगा जवळच साचून घट्ट झालेला. खनिजं तीच, गुलाबी छटा तीच, हातभर अंतरावरून दोन्ही सारखेच. रंगाच्या तक्त्यावर दोघांची जागा एकच येते. भिंगाखाली मात्र अर्कोजमधले दाणे तुटक्या कडांचे दिसतात, त्यांच्या मध्ये लालसर बारीक माती भरलेली दिसते, आणि काही ठिकाणी टाचणी जाईल एवढी पोकळी. खिळ्याने घासलं की अख्खे दाणे सुटून हातावर येतात. ग्रॅनाइटवर तोच खिळा फेल्डस्पारवर घसरतो आणि स्वतःच झिजून करडी रेघ सोडतो. फेल्डस्पार टिकून आहे यातूनही एक गोष्ट कळते. दमट, उष्ण हवेत आणि लांबच्या प्रवासात फेल्डस्पारची माती होते. तेव्हा हा भुगा फार लांब गेला नसावा आणि लवकर पुरला गेला असावा. बनवणाऱ्यांनी हे दोन नमुने पेटीच्या दोन टोकांना ठेवलेत. ते शेजारी हवे होते.

बेसाल्टचे दोन नमुने आहेत, ५ आणि ६. नमुना ५ दाट, काळा, ताजा फोडलेला. यात नुसत्या डोळ्याला दाणे दिसत नाहीत, कारण लाव्हा पृष्ठभागावर आल्यावर इतक्या लवकर निवतो की स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही. भिंगाखाली बारीक, लांबट, चमकणाऱ्या सुया दिसतात. त्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या. थोडे हिरवट मणी दिसले तर ते ऑलिव्हीन. बाहेरची बाजू तांबूस तपकिरी आहे, कारण खनिजांतलं लोह गंजलंय. पुस्तिकेत "बेसाल्ट काळा असतो" एवढंच लिहिल्यामुळे ही तपकिरी बाजू पाहून नवखा माणूस हमखास वालुकाश्म म्हणतो. कुठलाही खडक ओळखण्याआधी ताजी फूट बघायची, हे वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असायला हवं होतं.

नमुना ६ कुहरी बेसाल्ट आहे. लाव्हातून वायू बाहेर पडताना राहिलेल्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरली गेली आहेत, पांढरी, वाटाण्याएवढी. दख्खनच्या बेसाल्टमधली झिओलाइट नावाची खनिजं याच तऱ्हेने तयार झाली आणि जगभरच्या संग्रहालयांत पोचली. आपल्या नमुन्यातल्या काही पोकळ्यांत मात्र कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं मुख्य खनिज, आहे, आणि इथे एक सापळा आहे. आम्ल टाकलं की तो भाग फसफसतो. पुस्तिकेचा नियम म्हणतो, फसफसला तर चुनखडी. थेंब पांढऱ्या मण्यावर टाकलात की मधल्या काळ्या दगडावर, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. काळा भाग गप्प राहतो.

या दगडाने मोठमोठ्यांना चकवलंय, त्यामुळे नवख्याने खट्टू व्हायचं कारण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भूवैज्ञानिक आब्राहाम व्हेर्नर आणि त्यांचे अनुयायी बेसाल्ट आणि ग्रॅनाइट आदिम समुद्राच्या पाण्यातून साचले असं शिकवत होते. स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन यांना १७८५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्टमध्ये ग्रॅनाइटच्या शिरा आजूबाजूच्या जुन्या खडकात घुसलेल्या सापडल्या. घुसायला तो आधी द्रव असायला हवा. असा पुरावा पेटीत देता येत नाही, पण पुस्तिकेत एक रेखाचित्र सहज मावलं असतं.

नमुना ४ वर चिठ्ठी आहे "काळा ग्रॅनाइट". ही चूक गंभीर आहे. फरशांच्या व्यापारात हे नाव चालतं, खडकांच्या पेटीत चालू नये. भिंगाखाली यात क्वार्ट्झचा एकही दाणा सापडत नाही. करडे प्लॅजिओक्लेज आणि काळपट हिरवे पायरॉक्सीन, दोन्ही ठसठशीत. हा गॅब्रो आहे, म्हणजे बेसाल्टचाच रस, फक्त खोलवर सावकाश निवलेला. चिठ्ठी बदलून नमुना ५ च्या शेजारी ठेवला तर निवण्याच्या वेगाने काय फरक पडतो हे एका नजरेत दिसतं: घटक तेच, दाणे वेगळे. रायोलाइट आणि ग्रॅनाइट, अँडेसाइट आणि डायोराइट याही अशाच जोड्या आहेत (पहिला वर झटपट निवलेला, दुसरा खोलवर सावकाश) आणि चारही नमुने बरे आहेत. अँडेसाइट तर फारच चांगला: बारीक करड्या पार्श्वभूमीवर चार-पाच मिलिमीटरचे पांढरे फेल्डस्पार. आधी खोलवर सावकाश, मग वर येऊन झटपट, असं दोन टप्प्यांत निवणं त्यात स्पष्ट वाचता येतं.

शंका राहिली तर घनता काढा. दगड कोरडा तोला. मग दोऱ्याने बांधून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण पाण्यात बुडवून तोला. पहिल्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. हवेत ८४ ग्रॅम आणि पाण्यात ५५ ग्रॅम भरलं तर ८४ भागिले २९, म्हणजे सुमारे २.९: बेसाल्ट किंवा गॅब्रो. ग्रॅनाइट साधारण २.६५ ते २.७५ मध्ये येतो. चूक कुठे होते? लहान तुकड्यात. १५ ग्रॅमच्या तुकड्यात ग्रॅनाइट आणि बेसाल्ट यांच्या फरकांत जेमतेम ०.४ ग्रॅमचं अंतर उरतं. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर ते कळणारच नाही. नमुना १, ४ आणि ५ या प्रयोगाला पुरेसे मोठे आहेत, बाकीचे बहुतेक नाहीत. पोकळ्या असलेल्या दगडाला ही रीत लावू नका. हवा अडकून राहते आणि आकडा खाली येतो.

ऑब्सिडियनबद्दल नाराजी आहे. शिलारसात सिलिका (क्वार्ट्झ जिचं बनतं ती) भरपूर, बहुधा ७० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त, म्हणून तो घट्ट, चिकट. त्यात अणूंना जागेवर बसायला सवडच मिळत नाही आणि सगळा रस काच होऊन गोठतो. फोडल्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वर्तुळाकार लाटा दिसतात आणि कडा वस्तऱ्यासारख्या धारदार येतात. नमुना ९ मात्र घासून गुळगुळीत मणी केलेला आहे. लाटा गेल्या, कडा गेल्या, उरला एक काळा चकचकीत गोटा, जो कुठल्याही काळ्या काचेचा असू शकतो. लहान मुलांच्या हातात धार नको हा विचार योग्य आहे. पण एका बाजूला कडा घासून दुसरी फूट तशीच ठेवता आली असती. अशाच काही पेट्यांत निळी किंवा समुद्री हिरवी, आरपार दिसणारी "ऑब्सिडियन" येते. ती कारखान्यातली काच असते.

प्युमिस आणि स्कोरिया दोन्ही वायूच्या पोकळ्यांनी भरलेले, पण पाण्यात टाकल्यावर प्युमिस तरंगतो आणि स्कोरिया बुडतो. एवढा एक प्रयोग पुरेसा. प्युमिस बराच वेळ पाण्यात राहिला तर पोकळ्या भरून तोही बुडू शकतो, म्हणून कोरडा नमुना घ्या आणि नंतर दोन दिवस वाळवा.

निळ्या अर्ध्या भागाची सुरुवात पिंडाश्म आणि ब्रेशिया यांनी होते आणि निवड उत्तम आहे. दोन्हींत २ मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे, मध्ये बारीक भरण. पिंडाश्मातले गोटे गोल, कारण पाण्याने त्यांना लांबवर लोळवलं. ब्रेशियातले कोनदार, कारण ते मूळ कड्यापासून फार दूर गेलेच नाहीत. त्यानंतर वालुकाश्म, सिल्टस्टोन, शेल हा उतरता क्रम. वाळूचे कण २ ते ०.०६ मिलिमीटर, सिल्ट त्याखाली ०.००४ पर्यंत, त्याहून बारीक ती चिकणमाती. ही मापपट्टी चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतात. पुस्तिकेत आकडे बरोबर आहेत, पण ते ताडून पाहायला कणांची छापील पट्टी दिलेली नाही. बारीक, मध्यम, जाड वाळूचे दाणे पुठ्ठ्यावर चिकटवून ती घरी करता येते.

सिल्टस्टोन आणि शेल वेगळे करणं नवख्याला जड जातं. दोन्हींचे कण डोळ्याला दिसत नाहीत. क्षेत्रात काम करणारे लोक कणभर दातांवर घासतात. सिल्ट कचकचते, चिकणमाती लोण्यासारखी सरकते. अनेकांनी हाताळलेल्या नमुन्यांवर हे नको. खिळ्याने चिमूटभर भुगा खरवडा आणि दोन काचांमध्ये चोळा, तोच फरक हाताला कळतो. शेलवर तोंडाची वाफ सोडली की पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो. शेल पातळ पापुद्र्यांत सुटतो, कारण वरच्या गाळाच्या भाराने चिकणमातीचे चपटे कण आडवे दाबले गेले आणि पाणी पिळून निघालं. चिखल साचतो तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वाळू त्यामानाने फार दबत नाही. तिला घट्ट करतं ते पोकळ्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने आणलेलं सिमेंट: कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाचं ऑक्साइड.

या सिमेंटवरच पेटी सर्वांत वाईट फसते. नमुना १५, वालुकाश्म, आम्लाच्या थेंबाने फसफसला. कॅल्साइटचं सिमेंट असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. नमुना धुऊन, वाळवून, पुन्हा थेंब टाकला तर काहीच झालं नाही. कारण शेजारच्या कप्प्यात आहे: नमुना २०, चॉक. तो स्वतः कॅल्साइटचा, सूक्ष्म समुद्री शैवालांच्या कवचांचा भुगा, आणि प्रवासात त्याची पूड सगळ्या निळ्या कप्प्यांत पसरते. पेटी आल्याबरोबर चॉक वेगळ्या झिपच्या पिशवीत टाका, बाकीचे अकरा नमुने मऊ ब्रशने पाण्याखाली धुवा आणि पूर्ण वाळवा. मीठ मात्र धुवायचं नाही, ते विरघळेल. जिप्सम नुसतं कोरड्या ब्रशने झटका. शेल पाण्यात भिजत ठेवू नका, त्याचे पापुद्रे सुटतात.

आम्ल पेटीत मिळत नाही, नुसती बाटली मिळते. सुमारे ५ ते १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल पुरतं, तेही जाणत्या माणसाने विरळ करून दिलेलं. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा हवा आणि एका वेळी एकच थेंब. मुलांसोबत पांढरं व्हिनेगर वापरा, पण त्याची फसफस इतकी मंद असते की ती भिंगातूनच बघावी लागते, आणि आधी दगडावर ओरखडा काढून थोडी पूड करावी लागते. जीवाश्मी चुनखडी (नमुना १९, शिंपल्यांचे तुकडे भिंगाशिवाय दिसतात) विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने लगेच उकळल्यासारखी फसफसते. डोलोमाइट (चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम असलेला) थंड विरळ आम्लाला जवळपास दाद देत नाही. पूड केली की मात्र हळूहळू बुडबुडे येतात. खडक मोठा असताना आम्लाला लागणारा पृष्ठभाग कमी, पूड केल्यावर कितीतरी जास्त. डोलोमाइटचा नमुना मेण लावून चमकवलेला आला होता, आणि त्या थराखाली आम्ल पोचतच नाही. डिश धुण्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने घासल्यावर बराचसा थर निघाला.

चर्टची चाचणी काचेवर. तो अतिसूक्ष्म क्वार्ट्झचा, म्हणून काचेवर सहज ओरखडा काढतो. तसाच दिसणारा दाट चुनखडीचा तुकडा काढत नाही. इथे एक इशारा: फ्रीडरिश मोस यांची १८१२ ची काठिण्य श्रेणी खनिजांसाठी आहे, खडकांसाठी नाही. सैल वालुकाश्म नखाने झडतो, तरी त्यातला सुटलेला एक क्वार्ट्झचा कण काच कापतो. म्हणून दगड कुठल्या दाण्याने ओरखडतोय ते बघायचं. कस पाहायची फरशीही खडकाला फारशी कामाची नाही, अनेक खनिजांची सरमिसळ तिच्यावर करडी पूडच सोडते. तांबड्या वालुकाश्मातलं हेमॅटाइट (लोहाचं ऑक्साइड) लालसर रेघ देतं, एवढाच तिचा इथे उपयोग.

जिप्सम नखाने ओरखडतं, खनिज मीठ ओरखडत नाही पण चौकोनी ठोकळ्यांत फुटतं. दोन्ही बाष्पीभवनाने साचलेले: समुद्राचं पाणी आटत मूळच्या सुमारे पाचव्या भागावर आलं की जिप्सम खाली बसू लागतं, दहाव्या भागावर आल्यावर मीठ. चव घेऊन ओळखायचा मोह टाळा, कप्प्यांत शेजारच्या दगडांची पूड असते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाला पाणी सुटतं आणि तो ओघळ पेटीच्या पुठ्ठ्यात मुरतो, चिठ्ठ्या सुटतात. हा नमुना सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत हवा.

चिठ्ठ्यांचा प्रश्न तसाही आहे. त्या गोंदाने थेट ताज्या फुटीवर चिकटवल्यात, म्हणजे जी बाजू बघायची तीच झाकली. कोमट पाण्याने काढा, मळकट बाजूला पांढऱ्या रंगाचा नखाएवढा ठिपका द्या, वाळल्यावर न पुसणाऱ्या शाईने नुसता आकडा लिहा. नाव वहीत. म्हणजे ओळखताना नावाची मदत होत नाही.

घ्यावी का? भिंग चांगलं आहे, चोवीसपैकी एकोणीस-वीस नमुने खरोखर उपयोगाचे आहेत, आणि ग्रॅनाइट-अर्कोजसारखी जोडी सहजासहजी एकत्र मिळत नाही. ऑब्सिडियन आणि चर्ट यांचे न घासलेले तुकडे वेगळे मिळवा. बदलून मागायची सोय असेल तर "काळा ग्रॅनाइट" परत पाठवू नका, फक्त चिठ्ठी दुरुस्त करा.

राहिला नमुना १२, टफ. तो तांबड्या भागात शेवटच्या कप्प्यात आहे. ज्वालामुखीतून उडालेली राख हवेतून खाली पडली, थरांनी साचली, मग घट्ट झाली. मूळ अग्नीचं, साचणं गाळाचं. भिंगाखाली थर दिसतात, आणि त्याच थरांत प्युमिसचे ठिपके व काचेच्या वाकड्या कपच्या दिसतात. वालुकाश्मात त्या सहसा आढळत नाहीत. वजनाला हलका, नखाने थोडा खरवडतो, आम्लाला गप्प. बाकीचे तेवीस नमुने ओळखून झाल्यावरच हा काढा, आणि शिकणाऱ्याने तो कुठल्याही रंगाच्या कप्प्यात ठेवला तरी आधी त्याचं कारण विचारा.